पेटीतल्या रिव्हॉल्व्हरची किंमत कशी काढायची: सीमाभागातल्या घरांसाठी

खानापूर तालुक्यातल्या एका वाड्यात वाटणीच्या बैठकीला मला बोलावलं होतं. शेत, आंब्याची झाडं, गावातलं जुनं घर, सगळं बोलून झालं होतं. अडलं होतं एका पत्र्याच्या ट्रंकेपाशी. आत दोन रिव्हॉल्व्हर होती. एक लहानसं, निकेलच्या मुलाम्याचं, चकचकीत. दुसरं मोठं, काळपट, चामड्याच्या होल्स्टरमध्ये घट्ट रुतून बसलेलं. थोरल्यानं मोबाइलवर परदेशातल्या लिलावाचा आकडा दाखवला. धाकट्यानं "भंगारात किलोनं जाईल" म्हणून हात झटकले. मग दोघं माझ्याकडं वळले. "अण्णा, किती येतंय बघा की ह्याचं."

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात हा प्रश्न मला वर्षातून तीन-चारदा तरी ऐकू येतो. त्याला कारण आहे. इथं देसाई-इनामदारांची जुनी घरं आहेत, इथं इंग्रजांची छावणी होती, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आजही इथंच आहे. जंगलालगतच्या गावांत शेताच्या राखणीसाठी हत्यार असायचं ते वेगळंच. त्यामुळं आजोबांच्या पेटीत काही सापडणं नवलाचं नाही. सापडल्यावर त्याची किंमत कशी काढायची ते मात्र कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. ज्यांनी आयुष्यात कधी रिव्हॉल्व्हर हातात धरलं नाही त्यांच्यासाठी आहे हे.

हात लावायच्या आधी

पेटीतलं प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरून चालायचं. साठ वर्षं कुणी हात लावला नसला तरी. आतलं काडतूस जुनं म्हणजे फुसकं, असं अजिबात नाही. लहान मुलांना खोलीबाहेर काढा. चाप ओढून बघू नका, घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा भाग, वर चढवून बघू नका, आणि गंजून अडकलेलं असेल तर हातोडी घेऊन मागं लागू नका. लायसन्स असलेला शस्त्रविक्रेता ते उघडून रिकामं करून देतो. किंमत काढायची तर त्याच्याकडं जावं लागणारच आहे, मग पहिल्याच दिवशी त्याला विचारलेलं बरं. एक मात्र ध्यानात ठेवा. कागदात काय आहे ते कळल्याशिवाय हत्यार पिशवीत घालून बसमध्ये चढायचं नाही. फोटो पुरतो.

मग कागद, आणि कागदावर पूर्ण दिवस द्या

लोकांना वाटतं किंमत लोखंडात असते. आपल्याकडं ती आधी कागदात असते. हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून हत्याराला सरकारी परवाना लागतो. आजचा कायदा १९५९ चा. म्हणजे घरातलं रिव्हॉल्व्हर सरळ मार्गानं आलेलं असेल तर त्याचा माग कुठंतरी कागदावर असतोच. तो शोधायचा.

सीमाभागात हा माग तीन भाषांत सापडतो, आणि मला स्वतःला यातच सगळ्यांत जास्त रस वाटतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळं त्याआधीच्या लायसन्सवर मुंबईचे शिक्के. त्यानंतर म्हैसूर राज्य. १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं, तेव्हापासून कर्नाटकचे. गावाचं नावही २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं. एकाच हत्याराच्या नूतनीकरणाचे शिक्के ओळीनं मुंबई, म्हैसूर, कर्नाटक असे लागले असतील तर त्याला तोड नाही. आपलं शहापूर तर सांगली संस्थानात होतं, तिथल्या घरात संस्थानी शिक्क्याचा कागद निघाला तर तो बनावट समजून फेकू नका. रामदुर्गचं तर स्वतःचं संस्थान होतं, तिथंही तेच. जुनी वाटणीपत्रं मोडीत असतील तर मोडी वाचणारा गाठा. "रिवालवर एक" एवढी ओळ जरी तारखेसकट निघाली तरी ती लाखमोलाची.

लायसन्सशिवाय आणखी कुठं बघायचं? काडतुसं घेतल्याच्या नोंदी लायसन्सच्या मागच्या पानांवर असतात. आणि निवडणुकीच्या पावत्या! प्रत्येक निवडणुकीला हत्यार पोलीस स्टेशनात जमा करायला लावतात, तेव्हा मिळणाऱ्या पावतीवर बोअर (नळीच्या आतल्या पोकळीचं माप) आणि नंबर लिहिलेला असतो. जुनी माणसं त्या पावत्या रेशनकार्डाबरोबर जपून ठेवत. मी एका घरात अशा सात पावत्या एका सुतळीत बांधलेल्या बघितल्यात.

कागदावरचा नंबर आणि हत्यारावरचा नंबर एकच आहे का, हे अक्षर न् अक्षर ताडून बघा. एक आकडा इकडंतिकडं असला तरी पुढं सगळं अडतं. लायसन्सवर हल्लीचा यूआयएन, म्हणजे सरकारी नोंदीतला स्वतंत्र ओळख क्रमांक, चढलाय का तेही बघा.

कायद्याचं चार ओळींत

लायसन्सदार वारला की हत्यार वारसाचं आपोआप होत नाही. ते जवळच्या पोलीस स्टेशनात किंवा लायसन्स असलेल्या विक्रेत्याकडं लगेच जमा करायचं, पावती घ्यायची, आणि मग डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत, वारसानं स्वतःच्या लायसन्ससाठी अर्ज करायचा. बेळगाव शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारसानं आलेलं धरून. बिनपरवाना हत्याराला दोन ते पाच वर्षं कैद आहे, प्रतिबंधित वर्गातलं असेल तर सात ते चौदा.

"जुनं आहे, त्याला कशाला लायसन्स" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे खरी, पण ती दुरुस्त करूनसुद्धा चालू शकणार नाही अशाच जुन्या वस्तूला. नुसतं बंद पडलेलं, स्प्रिंग तुटलेलं रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही. २०२० मध्ये केंद्रानं 'क्युरिओ' (संग्रहात ठेवायची जुनी वस्तू) वर्गातल्या लहान शस्त्रांना घरात ठेवण्यापुरती सवलत दिली, पण वापरायला आणि एका जागेवरून दुसरीकडं न्यायला लायसन्स लागतंच. तुमची वस्तू त्या वर्गात बसते की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही. डीसी ऑफिसात लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. कोडगूतल्या (कूर्गमधल्या) कोडवा समाजाला मिळालेल्या सवलतीचा दाखला कुणी दिला तर ती त्यांच्यापुरती आहे, आपल्याला लागू नाही.

आणि आपल्या भागाची खास अडचण म्हणजे सीमा. लायसन्सवर 'कर्नाटक राज्य' एवढंच क्षेत्र लिहिलेलं असेल तर ते घेऊन चंदगड-गडहिंग्लजला पाव्हण्याकडं किंवा कोल्हापूरच्या विक्रेत्याकडं जाता येत नाही. रस्त्यात कुठं महाराष्ट्र सुरू झाला ते कळतही नाही, पण कायद्याला कळतं.

वस्तू कोणती आहे ते ओळखणं

कागद झाला, हत्यार रिकामं झालं, विक्रेत्याच्या टेबलावर आलं. आता भिंग घ्या, चांगला उजेड घ्या, वही घ्या. काही घासू नका, मऊ कापडानं धूळ तेवढी पुसा.

नाव वाचून लगेच फसू नका. 'स्मिथ अँड वेसन' ही अक्षरं स्पेनच्या एबारमध्ये बनलेल्या नकलांवरही असतात, कधी "अमुक काडतुसासाठी" अशा आडवळणानं. वेब्ले ही इंग्लंडची कंपनी, पण ज्याला सगळे 'वेब्ले बुलडॉग' म्हणतात ते आपल्याकडच्या घरांत बहुतेक वेळा बेल्जियममधल्या लिएजचं निघतं. त्याची खूण सोपी. लंबगोलात ईएलजी ही तीन अक्षरं दिसली की लिएज. वाईट वस्तू नव्हे ती, पण हजारोंनी बनली, त्यामुळं मोल बेताचं. आताच्या पाकिस्तानातल्या, वायव्य सरहद्दीवरच्या दर्रा आदमखेलमध्ये हातानं घडवलेल्या वेब्लेच्या नकलाही इकडं आलेल्या आहेत. त्यांत अक्षरं वाकडी, स्पेलिंग चुकलेलं, कधी इंग्रजी एन उलटा कोरलेला असतो.

इंग्लंडचा माल असेल तर नळीवर आणि फिरत्या चक्रावर चाचणीचे ठसे असतात. मुकुट आणि एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन राजदंड असतील तर १९०४ च्या आधीचं बर्मिंगहॅम. मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरं असतील तर १९०४ नंतरचं. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. त्या बाणाखाली इंग्रजी आय असेल तर ते हिंदुस्थान सरकारचं. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर लष्करातून रीतसर विकून टाकलेलं. ही शेवटची खूण नवख्यांच्या नजरेतून सुटते. खासगी घरातल्या लष्करी रिव्हॉल्व्हरवर ती असणं मोठं समाधान देतं, कारण वस्तू बाहेर कशी आली या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात असतं.

दुकानदाराचं नावही बघा. इंग्रज अधिकाऱ्याला रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशानं घ्यावं लागायचं, आणि पुष्कळजण ते लंडनच्या आर्मी अँड नेव्ही सोसायटीतून घेत. वरच्या पट्टीवर 'आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.' असं कोरलेलं असतं. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉड्डा कंपनीचं नाव असेल तर ते हिंदुस्थानातच विकलं गेलं. ही नावं असलेली वस्तू तशाच बिननावाच्या वस्तूपेक्षा वरचढ.

खानापूरच्या ट्रंकेतलं ते काळपट रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून सुटायला विक्रेत्याला अर्धा तास लागला. बाहेर आलं तेव्हा दुकानातला पोरगासुद्धा जवळ आला. वेब्लेचं डब्ल्यूजी, .४५५ चं, मधोमध मोडून उघडणारं, वर आर्मी अँड नेव्हीचा शिक्का. खुद्द लष्कराच्या साच्यातलं नव्हे, अधिकाऱ्यांनी हौसेनं घ्यायचं, जास्त नजाकतीनं बनवलेलं. थोरल्याचा चेहरा उजळला. मी म्हटलं, थांबा.

अस्सलपणा: इथं निम्मी किंमत जाते किंवा राहते

नवख्या माणसाला चकचकीत वस्तू आवडते. जाणत्याला आवडते ती कुणी न छेडलेली. रिव्हॉल्व्हरच्या पोलादावर कारखान्यात काळसर निळा थर चढवतात. शंभर वर्षांत तो जिथं हात लागतो तिथून झिजतो, नळीच्या तोंडाशी, होल्स्टरला घासणाऱ्या कडांना, मुठीच्या मागच्या पट्टीवर. अशी झीज सहजपणे झालेली दिसली पाहिजे. सगळीकडं एकसारखा गडद निळा रंग असेल आणि अक्षरांच्या कडा मात्र विरघळल्यासारख्या, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडलेले, धारदार कोपरे गोल झालेले, तर समजायचं की ते घासून पुन्हा रंगवलंय. अशा वस्तूची संग्राहकाच्या लेखी किंमत अनेकदा निम्म्यावर येते.

हे मला आमच्याच घरात कळलं. वडिलांचं वेब्ले मार्क फोर, .३२ चं. निळाई सत्तर टक्के तरी शाबूत होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरातल्याच एकानं, पूजेला बरं दिसावं म्हणून, पॉलिश पेपरनं लख्ख घासलं. वडील संध्याकाळी आले, ते हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. मग एका कारागिराकडून नवा रंग चढवून घेतला, त्यानं उरलेली अक्षरंही घासून काढली. पुढं ज्या माणसानं ते घ्यायची तयारी दाखवली होती त्यानं एकदा भिंगातून बघितलं आणि खाली ठेवलं. वडील त्यावर एक शब्द बोलले नाहीत, पण ते मला आजही लागतं. म्हणून हात जोडून सांगतो: काहीही घासू नका. ब्रासो नको, चिंच नको, रांगोळी नको, काही नको.

निकेलच्या मुलाम्याला वेगळी परीक्षा आहे. स्मिथ अँड वेसनच्या कारखान्यातून निकेलचं रिव्हॉल्व्हर निघायचं तेव्हा घोडा आणि चाप यांवर मुलामा नसायचा, ते भाग भट्टीत रंगवलेले असायचे. घोडा-चापही चांदीसारखे चमकत असतील तर मुलामा नंतरचा. ट्रंकेतल्या त्या लहानग्याचा घोडा करडा-तांबूस होता. धाकट्याला मी तो दाखवला तेव्हा त्याला काही वाटलं नाही. मला मात्र बरं वाटलं.

नंबर जुळतात का ते बघा. वेब्लेत मूळ सांगाड्यावरचा आणि चक्रावरचा नंबर एक हवा. वेगळा असेल तर कधीतरी दुसऱ्याचं चक्र बसवलंय. मूठ मूळची आहे का? मुठीच्या पट्ट्या फुटल्या की गावच्या सुताराकडून शिसवी करून घेत, सुबक असल्या तरी त्या मूळ नव्हेत. मूळच्या फुटक्या पट्ट्या कागदात गुंडाळून ठेवलेल्या असतील तर त्या जपा. हस्तिदंती मूठ दिसली तर हुरळून जाऊ नका, उलट सावध व्हा. वन्यजीव संरक्षण कायद्यानं हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे, त्यामुळं परदेशात जी गोष्ट किंमत वाढवते तीच इथं विक्री अडवते.

अमेरिकेत गेलेल्या पुष्कळ वेब्ले मार्क सिक्सचं चक्र मागून तासून ते .४५ च्या पिस्तुलाच्या काडतुसासाठी जुळवून घेतलेलं असतं. परदेशातल्या यादीत एक मार्क सिक्स स्वस्त आणि दुसरं दुप्पट दिसलं तर बहुधा कारण हेच. ते स्वस्तातलं बघून आपल्या मूळ वस्तूचा भाव ठरवू नका.

नळीच्या आतले आटे, चक्र जागेवर घट्ट बसतं की डुगडुगतं, ही तपासणी विक्रेत्यावर सोडा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुर्मिळ म्हणजे काय

दुर्मिळ आणि जुनं यांत लोक गल्लत करतात. वेब्ले मार्क सिक्स १९१५ चं, म्हणजे शंभरी उलटलेलं, पण पहिल्या महायुद्धात ते लाखांच्या घरात बनलं. जुनं आहे, दुर्मिळ नाही. पण तेच मार्क सिक्स १९२१ ते १९२६ या काळात एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात थोडं बनलं. बाहेरून बघितलं तर जुळी भावंडं. फरक ठशात, आणि तेवढ्या ठशावर संग्राहक जास्त मोजतो.

तसंच एनफिल्ड नंबर टू, .३८ चं. त्याच्या सुरुवातीच्या घोड्याला अंगठ्यानं मागं ओढायला शेपूट होती. १९३८ पासून शेपूट नसलेला घोडा आला, आणि आधीची पुष्कळ रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला आली तेव्हा त्यांचेही घोडे बदलले. त्यामुळं आज मूळ शेपटीचा घोडा शाबूत असलेलं कमी दिसतं. एखादी वस्तू दुर्मिळ होते ती अशी. कमी बनल्यामुळं, किंवा पुष्कळ बनून नंतर बदलली गेल्यामुळं. दुसरं कारण ओळखायला डोळा लागतो.

खऱ्या अर्थानं दुर्मिळ बघायचं तर वेब्ले-फॉसबेरी. त्याची कल्पना जॉर्ज फॉसबेरी या अधिकाऱ्याची, ज्याला १८६३ च्या वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. १९०१ मध्ये बाजारात आलेलं हे रिव्हॉल्व्हर स्वतःच्या धक्क्यानं मागं सरकून चक्र फिरवतं आणि घोडा चढवतं. चक्रावरच्या नागमोडी खाचा एकदा बघितल्या की माणूस विसरत नाही. एकूण पाच हजारांच्या आतच बनली. त्यातही बहुतेक .४५५ ची, आठ गोळ्यांचं .३८ तर फारच थोडं. माझ्या आयुष्यात एकदाच हातात आलं, तेही काचेच्या कपाटातून काढून दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत मला श्वास घ्यायचंही भान नव्हतं.

त्याहून वरचं म्हणजे १८४७ चं कोल्ट वॉकर. जेमतेम अकराशे बनली. २०१८ मध्ये पेटीसकट एक लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरना गेलं. थोरल्यानं मोबाइलवर दाखवला तो आकडा ह्याच जातीचा होता. असले आकडे बघून घरच्या वस्तूचा भाव ठरवणं म्हणजे हिंदकेसरीच्या मल्लाचा खुराक बघून घरच्या पोराला जेवू घालण्यासारखं.

आणि दुर्मिळतेला मागणीची जोड हवी. कुणी घेणारं नसेल तर जगात एकच असलेली वस्तूही पडून राहते.

कहाणी, आणि तिला पुरावा

२०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात एक गंजून खाल्लेलं लेफोशे रिव्हॉल्व्हर १ लाख ६२ हजार ५०० युरोना विकलं गेलं. शेतात सापडलेलं, कशाच्याही कामाचं नसलेलं. चित्रकार व्हॅन गॉगनं आयुष्य संपवलं ते बहुधा ह्यानं, एवढीच त्याची कमाई. २०१६ मध्ये फ्रेंच कवी व्हर्लेननं दुसऱ्या कवीवर, रँबोवर, ज्यानं गोळी झाडली ते ४ लाख ३४ हजार ५०० युरोना गेलं. आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पॅट गॅरेट या शेरीफनं बिली द किड या लुटारूला मारलं ते कोल्ट साठ लाख डॉलरच्या वर. त्या कोल्टसारखी साडेतीन लाखांच्या आसपास बनली होती. म्हणजे लोखंडाची किंमत नव्हती ती. पण त्या कहाणीमागं हातोहात गेल्याचे कागद होते, पत्रं होती, कोर्टकचेऱ्यांचे दाखले होते.

आपल्याकडं प्रत्येक ट्रंकेची एक कहाणी असते. हे क्रांतिकारकांचं, हे अमुक कलेक्टरनं पणजोबांना बक्षीस दिलं, हे १९१४ च्या कलकत्त्यातल्या रॉड्डाच्या लुटीतलं. रॉड्डाच्या लुटीत गेली ती पन्नास माउझर पिस्तुलं होती, रिव्हॉल्व्हर नव्हेत. एवढं माहीत असलं तरी अर्ध्या कहाण्या तिथंच गळतात. मी कुणाच्या घरातली कहाणी खोटी ठरवत नाही. ती लिहून ठेवा, कुणी कुणाला कधी सांगितली तेही लिहा. पण पैशात तिचं मोल धरायचं असेल तर एक कागद, एक फोटो, एक कोरलेलं नाव तरी हवं. ट्रंकेतल्या डब्ल्यूजीवर तीन आद्याक्षरं कोरलेली होती. आर्मी अँड नेव्हीचा शिक्का आणि आद्याक्षरं, म्हणजे अधिकारी शोधायला धागा आहे. त्या काळच्या बढत्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारच्या राजपत्रात, छापून येत, आणि ती आता घरबसल्या बघता येतात. कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन असेल तर नंबर पाठवून, फी भरून, ते कारखान्यातून कधी आणि कुणाकडं रवाना झालं याचं पत्र मागवता येतं. हे पत्र खर्चाच्या मानानं फार फायद्याचं.

शेवटी भाव: दोन बाजार आहेत

एक बाजार परदेशातल्या संग्राहकांचा. तो आपल्याला बंद आहे. शंभर वर्षांच्या वरची पुरावस्तू १९७२ च्या कायद्यानं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळं डॉलरचा आकडा गुणिले रुपया, हा हिशेब वहीत मांडूच नका.

दुसरा बाजार आपला, आणि त्याला दुर्मिळतेशी फारसं देणंघेणं नाही. इथं विचारतात बोअर. .३८० आणि .४५५ ची काडतुसं लष्करी म्हणून ती चालवणारी रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात, ज्याला बोलीत पीबी म्हणतात. ती सामान्य लायसन्सवर घेता येत नाहीत. .३२ मात्र एनपीबी, सामान्य लायसन्सवर बसणारं. त्यात १९८० च्या दशकापासून खासगी माणसाला बाहेरचं हत्यार आयात करणं बंद झाल्यामुळं, त्याआधी आलेली विलायती .३२ मोजकीच उरली आणि लायसन्सदार ती लाखांत मोजून घेतात. कानपूरचं सरकारी .३२ वेब्लेच्याच धर्तीवर बनतं, पण जुन्या विलायती वस्तूचा मान वेगळा.

आता ट्रंकेकडं वळा. थोरल्याला हवं होतं ते डब्ल्यूजी, जगात कुठंही काचेच्या कपाटात शोभलं असतं, इथं ते घेऊ शकणारा माणूस शोधायला आयुष्य जाईल. धाकटा ज्याला भंगार म्हणत होता ते स्मिथ अँड वेसनचं .३२, चक्र बाजूला उघडणारं, अमेरिकेत अगदी सामान्य, इथं दोन म्हशींहून जास्त किमतीचं.

म्हणून वाटणीसाठी भाव काढताना वहीत दोन रकाने करा. एकात ही वस्तू जाणत्याच्या नजरेत कशी आहे ते, ठसे, अस्सलपणा, कहाणी. दुसऱ्यात इथं, आज, कायदेशीर लायसन्सवर कोण किती देईल ते. दुसऱ्या रकान्यासाठी निदान तीन विक्रेत्यांना विचारा, एक बेळगावचा, एक हुबळीचा, एक आणखी लांबचा. फोटो आणि लायसन्सची प्रत घेऊन जा, हत्यार जमा केलेल्या जागीच राहू द्या. विक्रेता स्वतः घ्यायला सांगतो तो भाव आणि तो पुढं विकतो तो भाव यांत चांगलंच अंतर असतं. त्यात त्याचा दोष नाही, कधीकधी ती वस्तू त्याच्या कपाटात दोन-दोन वर्षं पडून असते. वाटणीत धरायचा तो घ्यायचा भाव. आणि जो कुणी "लायसन्सबिन्सन राहू दे, मी रोखीनं घेतो" म्हणेल त्याला दारातूनच वाटेला लावा.

सांभाळायचं तर

खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात भिंतींना घाम येतो, लोखंडाचं काय सांगावं. होल्स्टरमध्ये घालून ठेवू नका. कातडं ओल धरतं, आणि त्याच्या शिलाईच्या आकाराची गंजरेघ पोलादावर उमटते. ट्रंकेतल्या डब्ल्यूजीवर नेमकी तशी रेघ होती. होल्स्टर वेगळं ठेवा, पण टाकू नका, तेही किमतीत धरलं जातं. खोबरेल तेल लावायची जुनी सवय सोडा, ते साठून राळेसारखं चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल, एक-दोन थेंब, मऊ कापडानं. खंडेनवमीला हळद-कुंकू अवश्य वाहा, पण तबकात, ओलं कुंकू पोलादावर नको. चार दिवसांत त्याचा डाग बसतो आणि मग कुणालातरी तो घासावासा वाटतो.

ट्रंकेचं म्हणाल तर थोरल्याला लायसन्स मिळालं आणि .३२ त्याच्या नावावर चढलं. त्याच्या अर्ध्या किमतीपोटी धाकट्याला आंब्याची चार झाडं जास्त गेली. डब्ल्यूजीबद्दल दोघांच्या सह्यांनी डीसी ऑफिसात अर्ज दिलाय, ते क्युरिओत बसतं का म्हणून. उत्तर यायचंय. तोवर ते विक्रेत्याच्या कपाटात आहे, महिन्याचं भाडं दोघं भाऊ निम्मं-निम्मं भरतात, आणि धाकटा परवा मला फोन करून विचारत होता की लंडन गॅझेट शोधायचं कसं.